कागदाचा पुनर्जन्म

काशीत गंगा उत्तरवाहिनी होते. अस्सीपासून राजघाटापर्यंत तिच्या पश्चिम तीरावर घाटांची लांब, वळणदार ओळ पसरलेली आहे. या ओळीतून उत्तरेकडे चालत गेले की मणिकर्णिकेचा धूर मागे पडतो, बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट ओलांडला जातो आणि मग संकठा घाटाच्या पायऱ्या लागतात. वरच्या अरुंद गल्लीत संकठादेवीचे मंदिर आहे. त्या देवीवरूनच घाटाला हे नाव मिळाले. त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, आणखी पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. या भागातील गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. एकनाथांनी आपल्या भागवताचे लेखन १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचेच. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. त्यामुळे मराठी माणसाला हा किनारा कधी परका वाटला नाही.

अशाच एका कुटुंबातले आजोबा रोज पहाटे संकठा घाटावर येतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले, पाठ थोडी वाकलेली, खांद्यावर कापडी पिशवी. एका विद्यापीठाच्या कचेरीत त्यांनी जन्मभर नोकरी केली आणि नोकरीची अखेरची बरीच वर्षे दफ्तरखान्यात काढली. सेवानिवृत्त होऊन आता पुष्कळ काळ लोटला. पण कागदाने त्यांना सोडले नाही, किंवा त्यांनी कागदाला सोडले नाही. स्नान आटोपून परत चढताना पायऱ्यांवर पडलेला प्रत्येक कागद ते उचलतात. उदबत्तीच्या पुड्याचे वेष्टण, प्रसाद बांधून आणलेला वर्तमानपत्राचा तुकडा, कुणाच्या तरी खिशातून पडलेली पावती, सारे त्या पिशवीत जाते. नावाडी त्यांना ओळखतात आणि नाव बांधता बांधता हसून म्हणतात, की बाबूजींची कचेरी अजून सुटली नाही.

सुट्टीच्या दिवशी त्यांची नात त्यांच्यासोबत येते. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकदा तिने विचारले, "आजोबा, लोक इथे जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून येतात. आणि तुम्ही मात्र या कागदांच्या पुनर्जन्माची काळजी वाहता!"

आजोबा हसले. म्हणाले, "माणसाला मुक्ती हवी असते गं. कागदाला कुणी विचारलं आहे का?"

हा प्रश्न थट्टेत निघाला असला, तरी त्यात बरेच काही दडलेले आहे.

संकठा घाटाला पूर्वी यमघाटही म्हणत असत. यमेश्वर आणि यमादित्य ही दोन्ही स्थाने याच परिसरात आहेत. कार्तिक शुद्ध द्वितीयेला येथे स्नानाचे महत्त्व मानतात. महाराष्ट्र ज्या दिवसाला भाऊबीज म्हणतो, तीच ही यमद्वितीया. याच दिवशी उत्तर भारतातील कायस्थ मंडळी लेखणी आणि दौत मांडून चित्रगुप्ताची पूजा करतात. चित्रगुप्त म्हणजे यमाच्या दरबारातला लेखनिक. प्रत्येक जीवाच्या बऱ्यावाईट कर्माची नोंद तो ठेवतो आणि त्याच्या वहीतले एकही पान कधी गहाळ होत नाही, अशी श्रद्धा आहे. आजोबा दर यमद्वितीयेला घाटावर येतात तेव्हा त्यांना यमाचे भय वाटत नाही. चित्रगुप्ताचा मात्र हेवा वाटतो. त्या लेखनिकाला जागेची अडचण नाही, वाळवी नाही, गळके छप्पर नाही आणि "आठ दिवसांत खोली रिकामी करा" असा वरिष्ठांचा आदेशही नाही.

तो आदेश आजोबांना एकदा आला होता. निवृत्तीच्या पुष्कळ आधीची गोष्ट. पावसाळ्यात दफ्तरखान्याचे छत गळू लागले. भिंतीलगतचे गठ्ठे ओले झाले. खोली तातडीने रिकामी करायची होती. छतापर्यंत रचलेले गठ्ठे एकेक उघडून पाहायला ना वेळ होता, ना माणसे. वरची चिठ्ठी वाचून गठ्ठे दोन बाजूंना टाकले गेले. ज्यांवरच्या चिठ्ठ्या पुसल्या होत्या ते अंदाजाने गेले. कबाडीवाला हातगाड्या घेऊन आला, काटा लावला, वजन केले, पैसे मोजून दिले. आजोबांनी वजनाची पावती रीतसर फाइलला लावली आणि काम वेळेत पार पडल्याचे समाधान मानले.

पाच वर्षांनी एक मध्यमवयीन गृहस्थ कचेरीत आला. तो खेड्यातल्या शाळेत शिक्षक होता. घरात पुराचे पाणी शिरले होते आणि त्याची सारी प्रमाणपत्रे त्यात गेली होती. गुणपत्रकाची दुसरी प्रत मिळावी, एवढीच त्याची मागणी होती. त्या वर्षीची नोंदवही शोधली. ती सापडली नाही. ती कोठे गेली असावी, हे आजोबांना शोध संपण्यापूर्वीच उमगले होते. वही गेली होती. वजनाची पावती तेवढी फाइलमध्ये शाबूत होती. तो शिक्षक रागावला नाही. त्याने इतकेच विचारले, "मग मी परीक्षा दिली होती, हे आता कोण सांगणार?" आजोबांजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

त्यानंतर माणूस जसा वागतो तसेच ते वागले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी दफ्तरखान्यातून कागदाचा एक कपटाही बाहेर जाऊ दिला नाही. एकाच परिपत्रकाच्या चाळीस प्रती, कोरे राहिलेले जुने अर्ज, फाटके लिफाफे, संपलेल्या पावतीपुस्तकांचे खोके, सारे जपले. खोली भरली, मग व्हरांडा भरला. एका उन्हाळ्यात कोपऱ्यातला ढीग हलविला तेव्हा मागून वाळवी निघाली. वाळवीला महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे हा भेद कळत नाही. निरुपयोगी अर्जांतून तिने वाट काढली आणि ती थेट सभावृत्तांतापर्यंत पोचली. काहीच न टाकणारा माणूसही शेवटी जपण्याजोगे ते गमावतो, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला.

विद्यापीठ हे कागदाचे मोठे गाव असते. काशीत तर अशी गावे अनेक आहेत. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेचे पुढे विद्यापीठ झाले. ते आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला १९१६ मध्ये बसली आणि काशी विद्यापीठ १९२१ मध्ये उभे राहिले. ग्रंथालय, वर्ग, प्रयोगशाळा ही विद्यापीठाची दर्शनी बाजू. पाठीमागे मात्र कचेरी अखंड चालू असते. प्रवेशाचे अर्ज, शुल्काच्या पावत्या, वेळापत्रके, निविदा, देयके, सभांची टिपणे, प्रश्नपत्रिकांच्या उरलेल्या प्रती आणि परीक्षा संपल्या की उत्तरपत्रिकांचे डोंगर. संगणक आल्यावर कागद संपेल असे सर्वांना वाटले होते. झाले ते थोडे निराळे. टंकलेखनाच्या काळात एक पान चुकले तर पुन्हा सारे टंकित करावे लागे, म्हणून मजकूर आधी नीट वाचला जाई. आता कळ दाबताच नवी प्रत निघते आणि चुकलेली प्रत टोपलीत जाते.

टोपलीत गेल्यावर त्या कागदाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. त्याच टोपलीत चहाचा उरलेला घोट, केळ्याची साल, पानाची पिंक पडली, की स्वच्छ पांढरा कागद घटकाभरात घाण होतो. कोरडा, निराळा ठेवलेला कागद रद्दीवाला पैसे देऊन नेतो. तोच कागद ओल्या कचऱ्यात मिसळला तर त्याला उचलायलाही कोणी धजत नाही. वस्तू तीच, तिचे मोल मात्र टाकणाऱ्याच्या हाताने ठरते.

काशी आणि स्वच्छता यांचा विचार करताना एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. फेब्रुवारी १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेचा समारंभ झाला. राजेरजवाडे, विद्वान आणि सरकारी अधिकारी जमले होते. त्या निमित्ताने गांधीजींचे भाषण झाले. दक्षिण आफ्रिकेतून परतून त्यांना तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. विश्वनाथाचे दर्शन घेऊन आलेल्या गांधीजींनी मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतील घाणीचा उल्लेख त्या भरसभेत केला. आपली मंदिरेच जर स्वच्छ राहत नसतील तर स्वराज्य कसे राहील, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. ते भाषण अनेकांना रुचले नाही आणि अखेर अपुरेच राहिले. पुढे याच गांधीजींनी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि उलटवलेले लिफाफे लिहिण्यासाठी वापरण्याचा नेम जन्मभर पाळला. विद्यापीठाच्या जन्माच्या वेळीच कचऱ्याचा प्रश्न विचारला गेला होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

त्याच १९१६ मध्ये पुण्यात आणखी एक विद्यापीठ जन्माला आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्थापिलेले हे महिला विद्यापीठ पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या जन्मकथेत काशीचा आणि एका कागदाचा वाटा आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी कर्व्यांना पाठविली होती. काशी विद्यापीठाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच शिवप्रसाद गुप्त. कर्व्यांनी ती पुस्तिका प्रथम वरवर चाळून बाजूला ठेवली. पुढे १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून भाषण करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि महिला विद्यापीठाची कल्पना मूळ धरू लागली. बाजूला ठेवणे आणि फेकून देणे यांत किती अंतर असते ते या घटनेवरून कळते. ती पुस्तिका टोपलीत गेली असती, तर इतिहासाने कदाचित वेगळी वाट धरली असती.

आजोबांना ही गोष्ट फार आवडते. नातीला ती त्यांनी अनेकदा सांगितली आहे. परंतु पुण्याच्या त्या विद्यापीठाचा पुढचा अध्याय मात्र आजोबांना नातीकडून कळला. एका सुट्टीत ती पुण्याला आत्याकडे गेली होती. सकाळी दारावर एक बाई कचरा न्यायला आली. ओला आणि सुका कचरा निराळा आहे की नाही हे तिने पाहिले, सुक्यातला कागद वेगळ्या पोत्यात घातला आणि गळ्यातले ओळखपत्र सावरीत ती पुढच्या दाराकडे गेली. आत्या तिच्याशी "मावशी" म्हणून बोलत होती आणि ती आत्याला "ताई" म्हणत होती. नातीला नवल वाटले ते त्या ओळखपत्राचे.

त्या ओळखपत्रामागची कहाणी १९९० च्या आसपास सुरू होते. महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढशिक्षणाच्या कामात पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या अध्यापिका होत्या. कचरा वेचणाऱ्या मुलींना अक्षरओळख व्हावी हा मूळ उद्देश. पण मुलींचा दिवस कचराकुंडीवर जात होता. पाटीपेन्सिलीला वेळ कोठून मिळणार? तेव्हा या अध्यापिका त्यांच्यामागून कुंड्यांपर्यंत गेल्या. तेथे त्यांना दिसले की भाकरीसाठी चाललेली ही धडपड म्हणजे एक व्यवसाय आहे. त्यात कौशल्य आहे आणि शहरावर उपकारही आहेत. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक यांची पारख या बायका हातानेच करीत. त्यांतल्या बहुतेक दलित समाजातल्या. त्यांना कोणी कामगार म्हणत नसे, उलट चोर म्हणून हटकले जाई. कचरा कुंडीत पडण्यापूर्वीच घराघरांतून आणि कचेऱ्यांतून निराळा मिळाला, तर त्यांची मिळकत वाढेल, हात स्वच्छ राहतील आणि मुलींना शाळेत जाता येईल, असा साधा हिशोब त्यातून निघाला. त्यासाठी दारात उभे राहण्याचा अधिकार हवा होता, म्हणून ओळखपत्रे आली.

मे १९९३ मध्ये पुण्यात या कष्टकऱ्यांची परिषद भरली. हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचा तिला पाठिंबा होता. तेथून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिच्या नावातला पहिला शब्द 'कागद' हा आहे. पुणे महानगरपालिकेने पुढे तिची ओळखपत्रे मान्य केली. २००८ पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करण्याचे काम महानगरपालिकेशी करार करून होऊ लागले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी देशभर कचऱ्याचे मुळाशीच वर्गीकरण करण्यास सांगितले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचाही निर्देश दिला. ही वाट पुण्याच्या त्या बायकांनी नियमांच्या कितीतरी आधी पायांनी मळविली होती. विद्यापीठ अक्षर शिकवायला गेले आणि कचऱ्याचे मोल शिकून आले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

नातीने हे सारे सांगितले तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या कचेरीतून गाड्याच्या गाड्या कागद गेला. तो कुणाच्या हातांनी निवडला असेल, हे मी कधी मनातही आणलं नाही."

त्या हातांनी निवडलेला कागद पुढे गिरणीत जातो. आपल्या देशातील कितीतरी कागद गिरण्या रद्दीवरच चालतात. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरच्या परिसरात अशा गिरण्यांची वस्तीच आहे. देशातली रद्दी पुरेशी पडत नाही म्हणून ती परदेशातून विकतही आणावी लागते. एकीकडे रद्दी आयात करायची आणि दुसरीकडे स्वतःची रद्दी उकिरड्यात कुजवायची, असा हा उलटा व्यवहार आहे.

गिरणीत कागदाचा जो कायापालट होतो तो पाहण्यासारखा असतो. प्रथम पांढरा, रंगीत, वर्तमानपत्राचा आणि पुठ्ठ्याचा असे प्रकार वेगळे होतात. मग कागद मोठ्या हौदात पाण्यासह घुसळला जातो आणि त्याचा लगदा होतो. टाचण्या, दोरे, चिकटपट्ट्या गाळण्यांतून बाहेर काढतात. छापील कागद असेल तर लगद्यात साबणासारखी द्रव्ये घालून खालून हवा सोडतात; शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. उरलेला लगदा जाळीवर पसरतात, पाणी निथळते, रुळांखाली दाबून आणि तापवून नवा कागद तयार होतो. मेण किंवा प्लास्टिक चढविलेला कागद, कार्बन कागद आणि यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत पावत्या मात्र या कामाला निरुपयोगी ठरतात. मूठभर नको ते मिसळले, तरी सगळ्या लगद्याची प्रत उतरते.

हा पुनर्जन्मही अनंत नसतो. दर वेळी घुसळताना कागदाचे तंतू तुटून आखूड होत जातात. साधारणपणे पाच ते सात वेळा कागद नव्याने जन्म घेऊ शकतो. लिहिण्याचा पांढरा कागद पुढल्या जन्मी वर्तमानपत्र होतो, मग पुठ्ठा, मग अंडी ठेवण्याचे तबक. शेवटी तंतू इतके आखूड होतात की एकमेकांना धरून राहत नाहीत. तेव्हा तो मातीत मिसळतो, खत होतो. तीच त्याची मुक्ती. आयुष्याच्या पहिल्याच दिवशी टोपलीत पडून जळालेल्या कोऱ्या कागदाला मुक्ती मिळाली असे म्हणता येत नाही. तो अकाली मृत्यू होय.

खरे पाहता कागद जन्मापासूनच टाकाऊतून आलेला आहे. चीनमध्ये सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्साय लुन याने कागद केला असे सांगतात, तो झाडाची साल, ताग, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांपासून. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला जुन्या काळी हातकागद होत असे, त्यातही चिंध्या, दोरखंड, फाटकी गोणपाटे यांचाच लगदा असे. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेने कापडाच्या कातरणीतून कागद करण्याची ती परंपरा पुढे चालविली. ज्या कागदावर पूर्वजांनी हिशोब लिहिले, तो कधीकाळी कुणाचे तरी धोतर किंवा लुगडे होता.

आणि ते हिशोबच पुढे इतिहास झाले. पेशव्यांच्या कचेरीतला कारकून रोजचा खर्च लिहीत होता, तेव्हा आपण इतिहास लिहितो आहोत असे त्याला वाटले नसेल. रुमालांत बांधलेले ते कागद राहिले, म्हणून १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांना पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करता आले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून माळ्यावरच्या पेट्या आणि दप्तरे धुंडाळीत हिंडले. त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड निघाले. घरच्यांच्या लेखी त्यांतली कितीतरी दप्तरे अडगळ होती. म्हणून कागदाला पुनर्जन्म देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावाच लागतो: याचा हा जन्म संपला आहे काय?

कचेरीत हे ठरविण्याची रीत असते. कोणता कागद कायम जपायचा, कोणता ठरावीक वर्षे ठेवायचा आणि कोणता लगेच काढायचा याचे वर्गीकरण केलेले असते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार केंद्र सरकारच्या अखत्यारीतील अभिलेख विहित पद्धतीवाचून नष्ट करता येत नाहीत. नियमांची वाण कधी नसते. वाण असते ती गठ्ठा सोडून आत पाहण्याच्या सवडीची. आजोबांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत स्वतःपुरती एक साधी रीत घालून घेतली होती. रोज संध्याकाळी अर्धा तास ते टेबलावर तीन ढीग करीत. जपायचे ते पहिल्या ढिगात. त्यावर वर्ष आणि विषय शाईने लिहिलेला. एका बाजूने कोरे ते दुसऱ्या ढिगात. त्यांचे तुकडे करून दोऱ्याने शिवले की टिपणवही होई. दोन्ही बाजूंनी भरलेले आणि मुदत संपलेले ते तिसऱ्या ढिगात; टाचण्या काढून आणि गोपनीय असतील तर फाडून ते कोरड्या पोत्यात जात. उत्तरपत्रिकांवरची नावे आणि क्रमांक कुणाच्या हाती पडू नयेत, याकडे त्यांचे विशेष लक्ष असे. रद्दी झाली तरी तिच्यात कुणाचे तरी नाव असते, असे ते म्हणत.

सहकाऱ्यांना सुरुवातीला हा म्हाताऱ्याचा छंद वाटला. पण दुसऱ्या ढिगातल्या टिपणवह्या सर्वांना हव्याशा वाटू लागल्या. मग शेजारच्या टेबलाखाली कोरड्या कागदाचे एक खोके आले, पुढे आणखी एक. कुणी आदेश काढला नव्हता, की समिती नेमली नव्हती. चहाचे पेले कागदाच्या टोपलीत टाकू नयेत, एवढे एकमेकांना सांगितले गेले आणि पुष्कळांनी ते ऐकले. जे ऐकत नसत त्यांच्या टोपलीतून आजोबा स्वतः पेले उचलून बाजूला ठेवीत. काही दिवसांनी त्यांना तेही करावे लागेनासे झाले.

त्या शिक्षकाची नोंद मात्र परत आली नाही. ती कोणत्या गिरणीत गेली, तिचा कोणता कागद झाला, कोण जाणे. कदाचित कुठल्या तरी मुलाच्या वहीचे पान होऊन ती पुन्हा शाळेत गेली असेल. नातीने एकदा आजोबांना असे सुचविले, त्यांचे मन हलके व्हावे म्हणून. आजोबांनी मान हलविली. म्हणाले, "तसं झालं असेल तर बरंच झालं. पण बाळ, त्यानं वही मागितली नव्हती. त्यानं स्वतःचं नाव मागितलं होतं."

यंदाच्या यमद्वितीयेला दोघे संकठा घाटावर आले तेव्हा स्नानाची गर्दी ओसरू लागली होती. पाण्याच्या काठाशी झेंडूच्या माळा, पानांचे द्रोण आणि विझलेल्या पणत्या साचल्या होत्या. त्यांतच एक कागद तरंगत होता. नातीने पायरीवर वाकून तो उचलला. दुमडलेला, ओलाचिंब, एका बाजूला काही लिहिलेले. शाई पसरली होती.

"हा गेलाच म्हणायचा, आजोबा. भिजलेला आहे."

आजोबांनी चष्मा पुसला, कागद हलक्या हाताने उलगडला आणि वाचायचा प्रयत्न केला. एखाद्या अर्जाची प्रत असावी. खालचे नाव पुसट दिसत होते. त्यांनी तो उन्हातल्या पायरीवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला.

"आधी वाळू दे," ते म्हणाले. "मग पाहू, ठेवायचा की द्यायचा."